नवी व्हायल चालते, तिसऱ्या आठवड्यात पेशी थंडावतात: वनस्पतीत बनवलेल्या ग्रोथ फॅक्टरचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. जवात किंवा तंबाखूच्या जातकुळीतल्या रोपात बनवलेला मानवी ईजीएफ नाहीतर एफजीएफ-२ (पेशींना वाढायला लावणारी प्रोटीन, म्हणजेच ग्रोथ फॅक्टर) मागवला, व्हायलमधली (छोट्या बाटलीतली) पावडर विरघळवली, छोटे अ‍ॅलिकोट (वापरापुरते वाटे) करून फ्रीझरमध्ये ठेवले. पहिल्या आठवड्यात पेशी जोमाने वाढल्या. पुढच्या आठवड्यात जरा मंदावल्या. तिसऱ्या आठवड्यात ग्रोथ फॅक्टर घातलेली वेल (कल्चर प्लेटमधली खाच) कोणती आणि न घातलेली कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येईना. नवी व्हायल उघडली की गाडी रुळावर, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. मग लॅब मीटिंगमध्ये ठरतं की झाडातलं प्रोटीन टिकत नाही, आपण परत ई. कोलाय जिवाणूमधलंच मागवू.

मला हा निष्कर्ष पटत नाही, आणि त्याचं कारण तक्रारीतच आहे. दर वेळी नवी व्हायल नीट चालते, म्हणजे माल चांगलाच आला होता. जे हरवलं ते व्हायल उघडल्यापासून पेशीपर्यंतच्या वाटेवर हरवलं. ती वाट टप्प्याटप्प्याने तपासली तर बहुतेक वेळा गळती सापडते. वनस्पतीमुळेच उद्भवणाऱ्या काही खऱ्या अडचणीही आहेत, पण त्यांची लक्षणं वेगळी असतात. त्यांच्याकडे नंतर येते.

व्हायलमध्ये नेमकं काय असतं

मानवी ईजीएफ हे ५३ अमिनो आम्लांचं, साधारण ६.२ किलोडाल्टनचं इवलंसं प्रोटीन. त्यात तीन डायसल्फाइड बंध असतात आणि ते योग्य जोड्यांमध्ये जुळले तरच रेणूला आकार येतो. ई. कोलायच्या पेशीद्रवात असे बंध सहज तयार होत नाहीत. प्रोटीनचे गठ्ठे होतात, ते उलगडून पुन्हा घडी घालावी लागते. वनस्पतीच्या पेशीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम असतं, तिथे हे बंध नैसर्गिकपणे जुळतात. शिवाय वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत ई. कोलायसारखं लिपोपॉलिसॅकराइड नसतं, त्यामुळे एंडोटॉक्सिन (पेशींना चिथावणारं हे जिवाणूजन्य विष) वनस्पतीच्या पेशीतून येत नाही. आइसलँडमधली ओआरएफ जेनेटिक्स ही २००१ साली सुरू झालेली कंपनी भूगर्भातल्या उष्णतेवर तापवलेल्या हरितगृहात जव वाढवते आणि त्याच्या दाण्यातच ग्रोथ फॅक्टर साठवून घेते. दाणा म्हणजे निसर्गाने प्रोटीन कोरडं साठवण्यासाठीच घडवलेली जागा. दुसरी प्रचलित पद्धत निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या नातलग रोपाची: अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत जनुक पानात सोडायचं आणि काही दिवसांत पानं काढून प्रोटीन शुद्ध करायचं.

या दोन्ही मालांच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, 'अ‍ॅनिमल-फ्री'. आपल्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा याच शब्दात असतं. प्राणिजन्य काहीही नको, म्हणून व्हायलमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घातलेलं नसतं. लॅबमधली जुनी व्हायल मात्र पुष्कळदा बीएसएसोबत सुकवलेली असायची. प्रोटोकॉल तिच्या काळात लिहिला गेला, सीनियरकडून ज्युनियरकडे आला, आणि त्यात 'पीबीएसमध्ये विरघळवा, मीडियममध्ये डायल्यूट करा' एवढंच लिहिलेलं आहे (पीबीएस म्हणजे नेहमीचं मिठाचं बफर). बीएसए व्हायलमध्येच होतं म्हणून ते प्रोटोकॉलात लिहायची कुणाला गरज वाटली नाही. तोच कागद समोर ठेवून कॅरियर-फ्री, म्हणजे सोबत बीएसए नसलेलं, प्रोटीन विरघळवलं की गळती सुरू होते.

प्लास्टिक किती खातं

इथे हिशेब मांडणं गरजेचं आहे, कारण 'ट्यूबला चिकटतं' असं नुसतं सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही.

प्रोटीनचा एकपदरी थर पृष्ठभागावर बसला तर एका चौरस सेंटीमीटरवर ढोबळमानाने १०० ते २०० नॅनोग्रॅम मावतं. आता १.५ मिलिलिटरच्या साध्या ट्यूबमध्ये १ मिलिलिटर द्रव घ्या. त्याचा भिंतीशी संपर्क तीन-चार चौरस सेंटीमीटर, म्हणजे भिंतीची क्षमता काहीशे नॅनोग्रॅम. तुमचं वर्किंग सोल्यूशन १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर त्या ट्यूबमध्ये एकूण प्रोटीनच १० नॅनोग्रॅम आहे. सगळंच्या सगळं भिंतीवर बसलं तरी भिंतीत जागा उरते. प्रत्यक्षात सगळं बसत नाही, पण किती बसेल हे ट्यूबचा ब्रँड, वेळ, तापमान आणि प्रोटीनचा स्वभाव यांवर ठरतं, म्हणून निकाल दर वेळी वेगळा येतो.

उलट १० मायक्रोग्रॅमची व्हायल १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवली तर तीव्रता १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होते. संपर्क एखादा चौरस सेंटीमीटर. शे-दोनशे नॅनोग्रॅम गेलं तरी एक-दोन टक्क्यांचं नुकसान. म्हणून साठवायचं ते घट्टच साठवायचं. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचे अ‍ॅलिकोट करून महिनाभर ठेवणं म्हणजे प्लास्टिकला आयती मेजवानी. (फ्रीझरमध्ये जागा आहे म्हणून डायल्यूट अ‍ॅलिकोट करायची सवय फार लॅब्समध्ये दिसते. ती आधी मोडा.)

उपाय साधा आहे. स्टॉक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून घट्ट ठेवा. त्यापुढच्या प्रत्येक डायल्यूशनला द्रवात ०.१ टक्का बीएसए हवंच, आणि ते ग्रोथ फॅक्टरच्या आधी ट्यूबमध्ये गेलं पाहिजे, म्हणजे भिंतीवरची जागा ते अडवून ठेवतं. आधी ग्रोथ फॅक्टर घालून मग बीएसए ओतलं तर भिंतीवर बसलेलं प्रोटीन परत यायची खात्री नाही. ट्यूब लो-बाइंडिंग पॉलिप्रॉपिलीनची घ्या. काच आणि पॉलिस्टायरीन टाळा. टिप एकदा त्याच द्रवाने भिजवून मग माप घ्या.

'पण आमचं कामच अ‍ॅनिमल-फ्री आहे, बीएसए कसं घालू?' हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः स्टेम सेल्सवर काम करणाऱ्यांचा. तिथे रीकॉम्बिनंट मानवी अल्ब्युमिन वापरा. तेही भातात बनतं. २०११ मध्ये वुहान विद्यापीठाच्या संशोधकांनी भाताच्या दाण्यातून मोठ्या प्रमाणात मानवी सीरम अल्ब्युमिन काढता येतं हे दाखवलं, आणि आज भातातलं अल्ब्युमिन सेल कल्चरसाठी विकत मिळतं. महाग पडतं, पण ०.१ टक्क्याला लागतं किती!

गाळण्याबद्दलही सांगायला हवं. १० नॅनोग्रॅमचं द्रव ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून ढकललं की पडद्याचं आतलं सच्छिद्र क्षेत्रफळ ट्यूबच्या कितीतरी पट असतं, तिथे काय होत असेल ते उघड आहे. डायल्यूएंट आधी गाळून घ्या, त्यात निर्जंतुक स्टॉक घाला. गाळणं अगदी टळतच नसेल तर अल्ब्युमिन घातल्यावर, घट्ट असताना, पीईएसच्या पडद्यातून गाळा. नायलॉन आणि नायट्रोसेल्युलोज नको.

तिसऱ्याच आठवड्यात का?

गळती रोज होत असेल तर परिणाम पहिल्या दिवसापासून दिसायला हवा, मग अचानक तिसऱ्या आठवड्यात का? कारण डोस गरजेपेक्षा खूप जास्त असतो. समजा तुमच्या ईजीएफचा ईडी५०, म्हणजे अर्धा परिणाम देणारी तीव्रता, ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि प्रोटोकॉलात २० नॅनोग्रॅम लिहिलंय. शंभरपट. ९० टक्के प्रोटीन गेलं तरी २ नॅनोग्रॅम उरतं, तेही ईडी५०च्या दहापट. पेशींना फरक कळत नाही. ९९ टक्के गेलं की तुम्ही नेमके ईडी५०वर येता आणि एका आठवड्यात वाढ निम्मी होते. तुम्हाला वाटतं, काल-परवा काहीतरी बिघडलं. बिघाड पहिल्या दिवसापासून होता, डोस वक्राच्या सपाट पठारावर असल्यामुळे दिसत नव्हता.

त्यामुळे एकाच डोसवर 'चालतंय की नाही' पाहून निदान होत नाही. डोस आणि वाढ यांचा पूर्ण वक्र काढावा लागतो.

निदानाची प्लेट

एक ९६-वेल प्लेट आणि तीन-चार दिवस एवढं भांडवल लावा. ईजीएफ किंवा एफजीएफ-२ साठी बाल्ब/सी ३टी३ पेशी (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) सोयीच्या. त्यांना चोवीस तास कमी सीरमवर ठेवा, मग आठ पायऱ्यांचं डायल्यूशन द्या, प्रत्येक पायरी आधीच्या साधारण एक-तृतीयांश. वरच्या टोकाला ३० नॅनोग्रॅम घ्या. ४८ ते ७२ तासांनी एमटीटी किंवा रेसाझुरिन (जिवंत पेशी मोजणाऱ्या रंगाच्या चाचण्या) लावा.

रांगा अशा लावा: नवी व्हायल, अल्ब्युमिन घातलेल्या द्रवात; नवी व्हायल, अल्ब्युमिनशिवाय; जुना अ‍ॅलिकोट, अल्ब्युमिनसह; जुना अ‍ॅलिकोट, अल्ब्युमिनशिवाय; आणि दुसऱ्या स्रोतातला तोच ग्रोथ फॅक्टर, अल्ब्युमिनसह. शेवटची रांग चुकवू नका, तिच्याशिवाय पेशींचा दोष आणि प्रोटीनचा दोष वेगळा करता येत नाही. सोबत ग्रोथ फॅक्टर न घातलेल्या वेल आणि १० टक्के सीरमच्या वेल हव्यात.

वाचताना दोन गोष्टी वेगळ्या बघा: वक्र उजवीकडे सरकलाय का, आणि वक्राचं माथं खाली आलंय का. नुसता उजवीकडे सरकला, माथं तेवढंच आहे, तर प्रोटीनचं प्रमाण घटलंय. दहापट सरकला तर ९० टक्के गेलं, इतका सरळ हिशेब. माथंच खाली बसलं, कितीही ओतलं तरी पेशी वर जात नाहीत, तर दोष पेशींचा, मीडियमचा किंवा काहीतरी विषारी असल्याचा. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मे वाद मिटतात.

नवी व्हायल अल्ब्युमिनसह छान आणि अल्ब्युमिनशिवाय उजवीकडे सरकलेली असेल तर चोर प्लास्टिक. नवी चांगली, जुना अ‍ॅलिकोट दोन्ही द्रवांत मागे, तर साठवणीत घोळ. नवी आणि दुसऱ्या स्रोताची, दोन्ही ढिम्म, तर प्रोटीनला दोष देऊ नका. आणि दुसऱ्या स्रोताची छान, तुमची नवी व्हायल अल्ब्युमिन घालूनही मागे, तेव्हाच व्हायलवर बोट ठेवायला आधार मिळतो.

घाई असेल तर याहून लहान चाचणी आहे. पेशी उपाशी ठेवा, ग्रोथ फॅक्टर घाला, दहा मिनिटांनी लायसेट करून फॉस्फो-ईआरकेचा (ग्रोथ फॅक्टरचा संकेत पेशीत पोचल्याची खूण) वेस्टर्न ब्लॉट लावा. दहा मिनिटांना पट्टी ठळक आणि तीन दिवसांनी वाढ नाही, तर प्रोटीन येताना जिवंत होतं, नंतर मीडियममध्ये मेलं किंवा पेशी पुढचं काम करत नाहीत. दहा मिनिटांनाही पट्टी नाही, तर आधीचाच टप्पा शोधा.

व्हायल उघडण्याची रीत

हे पटकन सांगते, कारण बहुतेकांना माहीत असतं आणि तरी निसटतं. सुकवलेली पावडर काही मायक्रोग्रॅमच असते, डोळ्यांना दिसेलच असं नाही. वाहतुकीत ती झाकणाला जाऊन बसते. उघडण्याआधी व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात थंड व्हायल उघडली की आत दव धरतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवून पावडर तळाशी आणा. द्रव भिंतीवरून सोडा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, हलक्या हाताने फिरवा. व्होर्टेक्स नको. फेस म्हणजे हवा आणि पाण्याचा मोठा पृष्ठभाग, त्यावर प्रोटीन उलगडतं.

कशात विरघळवायचं हे प्रत्येक प्रोटीनचं वेगळं असतं आणि इथे 'सगळ्यांना पीबीएस' हा नियम घात करतो. ईजीएफ पाण्यात किंवा पीबीएसमध्ये निमूट विरघळतो. टीजीएफ-बीटा १ या ग्रोथ फॅक्टरला ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, सोबत अल्ब्युमिन. तटस्थ पीएचच्या बफरमध्ये ते भिंतीला चिकटतं, गोळे होतात. पीडीजीएफ-बीबी आणि बीएमपी-२ यांचाही कल आम्लाकडे. त्या लॉटसोबत आलेल्या कागदावर जे लिहिलंय तेच करा.

कुरिअरमध्ये दोन दिवस जास्त गेले, बर्फ वितळला, म्हणून माल खराब, असाही समज असतो. सुकवलेली पावडर बहुधा काही दिवस खोलीचं तापमान सोसते. विदर्भातल्या मे महिन्यात पार्सल उन्हात पडून राहिलं असेल तर तपासून घ्या, पण फक्त तेवढ्यावरून व्हायल फेकू नका.

फ्रीझर आणि वॉटर बाथ

विरघळवल्यावर मात्र परिस्थिती पालटते. अ‍ॅलिकोट एका वापरापुरता, १० ते २० मायक्रोलिटरपेक्षा लहान नको, आणि एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. उणे ८० उत्तम. उणे २० वापरायचा तर तो घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा कप्पा नको. त्यात बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने कॉइल तापते, आणि दाराजवळच्या छोट्या ट्यूब प्रत्येक वेळी अर्धवट वितळून गोठतात. तुम्ही एकदाही हात लावला नाही तरी अ‍ॅलिकोट डझनभर वेळा गोठलेला-वितळलेला असतो. वीज जाणाऱ्या गावात उणे २० चा फ्रीझर बॅकअपवर आहे का, हेही एकदा विचारा. बहुतेक ठिकाणी उणे ८० असतो, उणे २० नसतो.

एफजीएफ-२ ची गोष्ट निराळी, त्यावर जरा थांबावं लागेल. ३७ अंशांना त्याचा अर्धायुकाल १० तासांच्या आसपास आहे. चेक संशोधकांनी नऊ जागी बदल करून घडवलेला एफजीएफ-२ त्याच तापमानाला सुमारे २० दिवस टिकतो. यावरूनच मूळ रेणू किती नाजूक आहे ते कळतं. आता लॅबमधली रोजची सवय बघा. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत ग्रोथ फॅक्टर घालून 'कम्प्लीट मीडियम' तयार केलं, आणि रोज सकाळी अख्खी बाटली तासभर वॉटर बाथमध्ये ठेवली. दहा दिवसांत दहा तास ३७ अंशांवर गेले. निम्मा एफजीएफ-२ बाटलीतच संपला, पेशींपर्यंत पोचण्याआधी. तिसऱ्या आठवड्यात काय उरेल? ई. कोलायमधला एफजीएफ-२ असाच मरतो, झाडातला असाच मरतो. त्यात झाडाचा काही संबंध नाही.

ग्रोथ फॅक्टर बाटलीत घालू नका. बेस मीडियम वेगळं ठेवा, त्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणा आणि त्यातच ग्रोथ फॅक्टर घाला. एसेन्शियल ८ सारख्या स्टेम सेल मीडियममध्ये एफजीएफ-२ चं प्रमाण १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं जास्त असण्यामागे हीच नाजूक प्रकृती आहे. हेपरिन घातलं तर रेणू सावरतो, काही मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. मात्र हेपरिन पेशींवर स्वतःही परिणाम करू शकतं, म्हणून कंट्रोल वेलमध्येही तेवढंच घाला.

आता खऱ्या वनस्पतीजन्य अडचणी

पहिली आणि सर्वांत गोंधळाची: एंडोटॉक्सिनची चाचणी. सीओएवर (लॉटसोबतच्या तपासणी प्रमाणपत्रावर) एंडोटॉक्सिन नगण्य लिहिलेलं असतं. तुम्ही खात्रीसाठी लॅबमध्ये एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी लावता आणि आकडा मोठा येतो. कंपनीने फसवलं असं वाटतं. थांबा. एलएएल हे हॉर्सशू खेकड्याच्या रक्तपेशींचं द्रावण आहे आणि त्यात दोन दारं आहेत. फॅक्टर सी एंडोटॉक्सिनने जागा होतो. फॅक्टर जी (१→३)-बीटा-डी-ग्लुकानने. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळतात आणि रंग तोच येतो. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत कॅलोजसारखे बीटा-ग्लुकान असतातच. सेल्युलोजच्या फिल्टरमधूनही ते झिरपतात. शुद्धीकरणानंतर त्यांचा अंश उरला तर एलएएल एंडोटॉक्सिन म्हणून मोजतं.

तपासणी अशी: तोच नमुना बीटा-ग्लुकान ब्लॉकर असलेल्या बफरमध्ये पुन्हा लावा. आकडा कोसळला तर तो ग्लुकान होता. याहून स्वच्छ मार्ग म्हणजे रीकॉम्बिनंट फॅक्टर सी ची चाचणी, तिच्यात फॅक्टर जी नसतोच. युरोपियन फार्माकोपियाने २०२१ पासून तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. दोन्ही वेळी नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ५० ते २०० टक्के परत मिळतं का ते बघा, नाहीतर कमी आकडाही फसवा असू शकतो.

पण 'ग्लुकानच आहे' म्हणून सगळ्यांनी निश्चिंत व्हायचं नाही. फायब्रोब्लास्ट किंवा केराटिनोसाइटवर काम असेल तर बहुधा फरक पडणार नाही. मॅक्रोफेज, डेन्ड्रिटिक पेशी यांच्यावर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर असतो, तो बीटा-ग्लुकान ओळखतो. अशा पेशींवर सायटोकाइन मोजत असाल तर ग्लुकान हा प्रयोगातला घटकच झाला. त्यांनी ग्रोथ फॅक्टर ९५ अंशांना उकळून निष्क्रिय केलेला नमुना कंट्रोल म्हणून लावावा. उकळल्यावर बहुतेक प्रोटीन मरतात, ग्लुकान बहुतांशी टिकतं, एंडोटॉक्सिनही टिकतं. उकळलेल्या नमुन्यानेही टीएनएफ (दाह घडवणारा सायटोकाइन) वर गेला तर तो ग्रोथ फॅक्टरचा परिणाम नव्हता.

दुसरी अडचण जेलवर दिसते: अपेक्षेपेक्षा वर पट्टी, किंवा दोन पट्ट्या. ज्या प्रोटीनवर एन-ग्लायकोसिलेशनची जागा असते त्यावर वनस्पती आपल्या पद्धतीची साखर लावते, बीटा-१,२-झायलोज आणि अल्फा-१,३-फ्युकोज असलेली. व्हीईजीएफ-१६५ या ग्रोथ फॅक्टरवर अशी एक जागा आहे, म्हणून ई. कोलायच्या पट्टीशी वनस्पतीची पट्टी जुळली नाही तर तेवढ्याने अशुद्ध ठरवू नका. साखर काढून बघायची तर एक गाठ लक्षात ठेवा: नेहमीचं पीएनजीएज एफ हे एन्झाइम अल्फा-१,३-फ्युकोज असलेली साखर कापत नाही, पीएनजीएज ए लागतं. 'डीग्लायकोसिलेशन करूनही पट्टी खाली आली नाही' ही तक्रार तिथून येते. ईजीएफसारखं छोटं प्रोटीन तर साध्या ग्लायसीन जेलवर नीट उतरतही नाही. ट्रायसीन जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ घ्या, ०.४५ मधून ते पार निघून जातं.

तिसरी, टॅग. शुद्धीकरणासाठी हिस्टिडिन टॅग आणि जोडणारा तुकडा ठेवलेला असेल तर रेणू जड होतो. समजा ६.२ ऐवजी ८ किलोडाल्टन झाला. तेवढेच नॅनोग्रॅम घातले तर रेणू सुमारे २२ टक्क्यांनी कमी पडतात. जुन्या मालाशी तुलना करताना वजनावर जाऊ नका, मोलवर जा. आणि प्रमाण स्वतः मोजणार असाल तर २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावर भरवसा ठेवण्याआधी प्रोटीनची रचना बघा. आयजीएफ-१ या ग्रोथ फॅक्टरमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही, फक्त तीन टायरोसिन. नॅनोड्रॉपने त्याच्या खऱ्या गुणांकाशिवाय आकडा दिला तर तो चुकीचाच असणार. त्यात कॅरियर म्हणून अल्ब्युमिन असेल तर बीसीए (एकूण प्रोटीन मोजणारी चाचणी) आणि २८० दोन्ही अल्ब्युमिनच मोजतील. तिथे एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने नेमकं एकच प्रोटीन मोजणारी चाचणी.

पेशींच्या बाजूला बघा

नव्या आणि दुसऱ्या स्रोताच्या रांगा दोन्ही ढिम्म आल्या असतील तर इथे या. मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून राहणारा जिवाणू) सर्वांत आधी तपासा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरातल्या लॅब्सना सेल लाइन्स मिळतात. शेजारच्या लॅबने दिलेल्या, पॅसेज क्रमांक कुणालाच माहीत नसलेल्या पेशींपेक्षा तिथून नव्याने आणलेल्या, ओळख तपासलेल्या पेशींवर पुन्हा वक्र काढा.

सीरम हे दुसरं. दहा टक्के एफबीएसमध्ये (वासराच्या गर्भाच्या सीरममध्ये) पेशींना हवे ते ग्रोथ फॅक्टर आधीच मिळतात, वरून घातलेल्याने काय फरक पडणार? आयजीएफ-१ च्या बाबतीत तर दुहेरी अडचण: सीरममधली बाइंडिंग प्रोटीन्स त्याला पकडून ठेवतात. आणि सीरम काढून आयटीएस (इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम) सप्लिमेंट घातलं तर त्यातलं इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमोलर, इतकं असतं की ते आयजीएफ-१ चा रिसेप्टर स्वतःच चालू करतं. आयजीएफ-१ 'काम करत नाही' या तक्रारीत मी सर्वांत आधी मीडियमचं लेबल मागते.

ए४३१ या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफ तपासू नका. त्या पेशींवर ईजीएफ रिसेप्टर प्रचंड प्रमाणात असतो आणि नॅनोमोलर डोसला त्यांची वाढ उलट थांबते. रिसेप्टरच्या अभ्यासाला त्या उत्तम, वाढीच्या चाचणीला दिशाभूल करणाऱ्या.

कंपनीला लिहायचं असेल तर

वरचं सगळं करून नवी व्हायल अल्ब्युमिनसहही मागेच असेल तर जरूर लिहा. लॉट बदलतात, आणि सुगीवर अवलंबून असलेल्या उत्पादनात लॉटमधला फरक शोधणं कंपनीच्याही हिताचं असतं. फक्त 'चालत नाही' असं लिहू नका. लॉट क्रमांक, विरघळवलेला द्रव आणि तीव्रता, अल्ब्युमिन कोणतं व किती, ट्यूबचा प्रकार, साठवण, पेशी आणि पॅसेज, सीरमचं प्रमाण, आणि दोन्ही स्रोतांचे वक्र एकाच आलेखावर, एवढं जोडा. सीओएवर क्रियाशीलता युनिट प्रति मिलिग्रॅममध्ये असेल तर तुमचा ईडी५० त्यात बदलून घ्या: दहा लाखाला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधल्या ईडी५०ने भागायचं. ईडी५० ०.२ आला तर ५० लाख युनिट प्रति मिलिग्रॅम. त्यांचा आकडा आणि तुमचा यांत दोन-तीन पटींचा फरक पेशी आणि पद्धतीमुळे पडतोच. दहापटीचा पडला, आणि त्याच प्लेटवर दुसरा स्रोत आपल्या सीओएशी जुळला, तर नवीन लॉटची व्हायल बिनदिक्कत मागा. ती आली की जुन्या लॉटची एक न उघडलेली व्हायल राखून दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावा.